पाटीवर किलो, वर माणूस

४ एप्रिल २०२५, शुक्रवार. वसमत तालुक्यातल्या गुंज गावातून शेतमजुरांची एक टोळी सकाळीच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कामाला निघाली. टोळीत बहुतेक बायाच होत्या. शेत होते शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात. शेत जवळ आले आणि ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्याने भरलेल्या विहिरीत गेला. तिघांना वर काढता आले, सात जणी बुडाल्या. विहिरीचे पाणी उपसायला मोटारी लावाव्या लागल्या, तेव्हा कुठे मृतदेह हाती लागले. पंतप्रधान मदतनिधीतून प्रत्येकी दोन लाख आणि मुख्यमंत्र्यांकडून पाच लाख अशी मदत जाहीर झाली. मंत्री येऊन गेले, कॅमेरे येऊन गेले. विहिरीला कठडा नव्हता यावर दोन दिवस चर्चा झाली, चालकाचा ताबा कसा सुटला यावर आणखी दोन दिवस.

त्या बाया ट्रॉलीत का होत्या, हे मात्र कुणी विचारले नाही. विचारण्यासारखे काही आहे, असेच कुणाला वाटले नाही. हंगामात सकाळी सात वाजता हिंगोली जिल्ह्याच्या कुठल्याही रस्त्यावर उभे राहा. डोक्याला रुमाल, हातात डबा, कडेला खुरपे घेतलेल्या बायांनी भरलेल्या ट्रॉल्या एकामागून एक जाताना दिसतील. ट्रॉली बांधली ती कट्टे, कडबा, खत आणि ऊस वाहायला. तिला आसन नाही, धरायला दांडी नाही, उतरायला दार नाही. चालकाशी बोलायची सोय नाही, मागे काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. ट्रॅक्टरच्या नोंदणीपुस्तकात आसनक्षमता लिहिलेली असते एक, आणि तो एक म्हणजे चालक. बाकीचे सगळे कायद्याच्या आणि यंत्राच्या हिशेबात माल.

हा लेख त्याच हिशेबाबद्दल आहे. मालासाठी केलेल्या यंत्रावर माणूस चढवण्याची सवय आपल्याकडे शेतापासून कारखान्यापर्यंत आणि विहिरीच्या तळापासून पुतळ्याच्या गळ्यापर्यंत पसरली आहे. यंत्रे निरनिराळी आहेत: ट्रॉली, यारी, जेसीबी, हायड्रा क्रेन, फोर्कलिफ्ट. चूक मात्र सगळीकडे एकच आहे, आणि ती नीट समजून घ्यायची तर सुरुवात फोर्कलिफ्टपासून करणे सोयीचे. कारण या यंत्राचा जगात बराच अभ्यास झाला आहे आणि त्याच्यावर माणूस चढवू नये याची कारणे अगदी स्पष्टपणे लिहून ठेवलेली आहेत.

‘दोन मिनिटांचं काम आहे’

हिंगोली हा हळदीचा जिल्हा. जूनच्या आसपास लावलेली हळद फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघते. कुकरमध्ये शिजते, आखाड्यावर वाळते, ढोलात घासून चकाकते आणि कट्ट्यांत भरून मोंढ्यावर येते. हिंगोलीचे संत नामदेव हळद मार्केट यार्ड असो की वसमतचा मोंढा, हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगा यार्डाबाहेर लागतात. वसमत हळदीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. माल वाढला तशा वखारी वाढल्या, शीतगृहे आली, प्रक्रिया करणारे छोटे कारखाने आले. मोंढ्यावर अजून हमालाची पाठच चालते. पण जिथे माल पॅलेटवर रचला जातो आणि थप्पी छताकडे सरकू लागते, तिथे फोर्कलिफ्ट येतेच.

आणि फोर्कलिफ्ट आली की एक वाक्यही तिच्यासोबत येते. वरच्या रॅकवरचा एक कट्टा फुटला आहे, ट्यूबलाइट गेली आहे, पत्र्यातून पाणी गळते आहे, वरच्या थरातले नग मोजायचे आहेत. शिडी आणायला कुणी जायचे? यंत्र समोरच उभे आहे. ‘दोन मिनिटांचं काम आहे, चढ वर.’ एक जण पुढच्या दोन लोखंडी पात्यांवर, म्हणजे फोर्कवर, पाय ठेवून उभा राहतो, फार तर खाली एक लाकडी पॅलेट सरकवले जाते, आणि चालक लीव्हर ओढतो.

या वेळी मनात जो हिशेब होतो तो वरवर अगदी बरोबर वाटतो. यंत्र तीन टन उचलते, माणूस सत्तर किलोचा. त्यात काय जड आहे? खोट नेमकी इथेच आहे. फोर्कलिफ्टवरून पडलेला माणूस त्याच्या वजनामुळे पडत नाही.

फोर्कलिफ्ट मुळात एक तराजू आहे. पुढच्या चाकांचा आस हा त्याचा मध्य. एका बाजूला फोर्कवरचा माल, दुसऱ्या बाजूला मागे बसवलेले लोखंडी प्रतिभाराचे धूड. तीन टन उचलणारे यंत्र स्वतः चार टनांच्या पुढे वजनाचे असते ते याच धुडामुळे. त्याचा मागचा आस मधोमध एका खिळीवर टेकलेला असतो, त्यामुळे चाके चार असली तरी यंत्र उभे असते तीन बिंदूंवर: पुढची दोन चाके आणि मागची ती खीळ. या तीन बिंदूंच्या त्रिकोणात गुरुत्वमध्य आहे तोवर यंत्र उभे; तो बाहेर गेला की आडवे. फोर्क जसा वर जातो तसा गुरुत्वमध्यही वर जातो, आणि मग जमिनीतला छोटासा खड्डा, किंचित उतार किंवा जरासे वळण पुरते. शिवाय हे यंत्र वळते मागच्या चाकांनी. मोटारीची सवय असलेल्या माणसाला त्याची शेपटी किती बाहेर फिरते याचा अंदाज येत नाही.

मालाला या सगळ्याशी देणेघेणे नसते. रचलेला कट्टा रचला तसा राहतो. माणूस राहत नाही. तो वाकतो, हात लांबवतो, एका पायावर जोर देतो, ट्यूब निघेना म्हणून हिसका मारतो. सुट्टे पॅलेट फोर्कवर नुसते ठेवलेले असते, कशाला बांधलेले नसते, ते सरकते. चालकाच्या हाताखाली तीन-चार लीव्हर शेजारी शेजारी असतात. उचलण्याच्या लीव्हरऐवजी मास्ट, म्हणजे फोर्क ज्यावर वर-खाली होतो तो उभा सांगाडा, पुढे झुकवण्याचा लीव्हर ओढला गेला, तर कट्टा थोडा घसरतो, माणूस सरळ खाली येतो. मास्टचे खांब आणि साखळ्या चालकाच्या डोळ्यांसमोरच असल्यामुळे वरचा माणूस त्याला धड दिसत नाही. डोके छताच्या कैचीला लागेपर्यंत फोर्क वर जातच राहतो. तोल सावरायला माणूस जी पहिली वस्तू धरतो ती मास्टची साखळी किंवा पट्टी, आणि तीच हलत असते. बोटे तिथेच जातात.

चार मीटर उंचीवरून पडायला एका सेकंदाहूनही कमी वेळ लागतो आणि जमिनीला टेकताना वेग असतो ताशी सुमारे ३२ किलोमीटर. खाली असतो सिमेंटचा कोबा. त्या एका सेकंदात ‘धर’ म्हणायलाही सवड नसते.

चालकाचे मरण वेगळे असते. यंत्र कलंडू लागले की त्याला उडी मारावीशी वाटते. तो मारतो, आणि डोक्यावरच्या संरक्षक चौकटीखाली चिरडतो. म्हणून प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवतात: पट्टा लावा, यंत्र पडू लागले तर उतरू नका, स्टिअरिंग घट्ट धरा, पाय रोवा आणि ज्या बाजूला पडते आहे त्याच्या उलट झुका. हे शिकवले नाही तर कुणालाही आपोआप सुचणार नाही. हिंगोलीसारख्या ठिकाणी फोर्कलिफ्ट चालवणारा बहुधा आधी ट्रॅक्टर चालवणारा असतो. ट्रॅक्टर येतो म्हणून हेही येईल, एवढेच त्याचे प्रशिक्षण.

पिंजरा असेल तर?

फोर्कलिफ्टने माणूस उचलताच येत नाही का? येतो, पण अटींवर. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे. तिच्या अटी अशा: चारही बाजूंनी कठडा असलेला पिंजरा हवा, तो फोर्कला पक्का अडकवलेला हवा, मास्टकडच्या बाजूला जाळी हवी, म्हणजे हात साखळीत जाणार नाही. पिंजरा, माणसे आणि हत्यारे यांचे एकूण वजन यंत्राच्या क्षमतेच्या निम्म्याहून जास्त नको. माणूस वर असेपर्यंत चालकाने आसन सोडायचे नाही आणि यंत्र जागचे हलवायचे नाही. आणि हे सगळे पाळूनही ही सोय फक्त अचानक उद्भवलेल्या, क्वचितच्या कामासाठी. ठरावीक मुदतीने ट्यूब बदलणे, नग मोजणे, रंग देणे ही ठरलेली कामे. त्यांना सिझर लिफ्ट, बूम लिफ्ट किंवा साधी चाकांची शिडी हवी.

म्हणजे ज्या देशांत पिंजरा आहे, पट्टा आहे, परवाना आहे, तिथेही उत्तर ‘शक्यतो नको’ असेच आहे. आपल्याकडे वेल्डरकडून चार अँगल जोडून घेतलेली चौकट फोर्कवर ठेवली की ‘सेफ्टी केली’ असे म्हणतात.

यारीवरचा माणूस

हिंगोलीत फोर्कलिफ्ट पाहिली नाही असा माणूस भेटेल, यारी पाहिली नाही असा भेटणार नाही. विहीर खोदायची म्हटली की यारी येते: लोखंडी आडवा खांब, इंजिन, ड्रमवर गुंडाळलेली तार आणि तारेच्या टोकाला लोखंडी डबा. खाली कॉम्प्रेसरने भोके पाडायची, जिलेटिनच्या कांड्या उडवायच्या, मुरूम-दगड डब्यात भरायचा, यारीने वर ओढायचा, काठावर पालथा करायचा. दिवसभर हेच. रोजगार हमीतून सिंचन विहिरीला मिळणारे अनुदान २०२२ मध्ये चार लाखांवर गेले आणि त्यानंतर खोदाईला आणखी जोर आला.

खाली काम करणारे मजूर सकाळी उतरतात कसे आणि जेवायला वर येतात कसे? त्याच डब्यातून. एक पाय डब्यात, एक पाय कडेवर, दोन्ही हातांनी तार धरलेली. कधी दोघे, कधी तिघे. तारेला दिवसभर दगडाचे हिसके बसलेले असतात. तिचे एकेक सूत तुटत जाते. मजुरांना ते बोटांना टोचते तेव्हा कळते. यारीचा ब्रेक म्हणजे बहुतेक वेळा एक पट्टा आणि चालवणाऱ्याचा पाय. चाळीस फूट खोल विहिरीत वरून सुटलेला माणूस तळाला पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास असतो. तळाला आधीच कुणी उभा असेल तर जीव दोन.

इथेही वजनाचा तोच फसवा हिशेब असतो. डबाभर दगड पाच-सात क्विंटल, माणूस पाऊण क्विंटल. तारेने सकाळपासून शंभर डबे ओढले, एक माणूस नाही ओढणार? पण शंभरावा डबा पडला तर दगड पडतो, दगडाला काही होत नाही. ज्या दिवशी तार तुटणार त्या दिवशी ती कधी तुटेल हे तार आधी सांगत नाही. मालाच्या बाबतीत हा धोका परवडतो, म्हणूनच मालाची यंत्रे तेवढ्याच भरवशाची केलेली असतात.

दुसरी दोरी

भरवशातला हा फरक कायद्याने किती बारकाईने लिहिला आहे ते पाहण्यासारखे आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात दोन कलमे लागोपाठ होती. कलम २९ उचलण्याची यंत्रे, साखळ्या आणि दोरखंडांसाठी: मजबूत साहित्य, ठळक लिहिलेला सुरक्षित भार, वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी. कलम २८ लिफ्टसाठी: तिथे तपासणी सहा महिन्यांतून एकदा. आणि लिफ्ट माणसांसाठी असेल तर आणखी अटी: दोरी एक नव्हे, किमान दोन, आणि दोन्ही स्वतंत्रपणे जोडलेल्या. त्यातली प्रत्येक एकटी सगळा भार पेलू शकेल अशी. शिवाय दोऱ्या तुटल्याच तर पिंजरा जागच्या जागी धरून ठेवणारी वेगळी यंत्रणा, आणि पिंजरा ठरल्या जागेच्या पुढे जाऊ नये म्हणून आपोआप थांबवणारी सोय.

दुसरी दोरी आणि ती पकड, एवढेच माल आणि माणूस यांच्यातले अंतर. फोर्कलिफ्टमध्ये ही पकड नाही, यारीत नाही, हायड्रामध्ये नाही. ती विसरली म्हणून नाही असे नव्हे; त्या यंत्रांचे कामच ते नाही. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांनीही यंत्राने चालणाऱ्या उचल-साधनावरून मजुराला वर-खाली नेण्यास मनाई केली. अपवाद फक्त चालकाची जागा, माणसांसाठीची लिफ्ट आणि मान्य केलेली टांगती परांची.

एक सोपी खूण प्रत्येकाच्या ओळखीची आहे. शहरातल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पाटी असते: ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ किंवा ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’. माणशी ६८ किलोचा तो हिशेब आहे. पाटीवर आधी माणसे मोजली आहेत, किलो नंतर. बूम लिफ्टच्या पिंजऱ्यावरही किती माणसे ते लिहिलेले असते. फोर्कलिफ्टच्या पाटीवर, ट्रॉलीच्या कागदावर, क्रेनच्या खांबावर फक्त किलो आणि टन. ज्या पाटीवर माणूस लिहिलेला नाही, तिथे त्याच्या जिवाचा विचार यंत्र बांधणाऱ्याने केलेला नाही. अक्षरओळख नसलेल्या मजुरालाही हा फरक पाच मिनिटांत समजावता येतो.

अर्थात पाटीवर माणूस लिहिला म्हणजे संपले असे नाही. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्याच्या बाळकुममध्ये चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरचे काम आटोपून मजूर बांधकामाच्या लिफ्टने खाली येत होते. लिफ्ट वरून थेट खालच्या वाहनतळात कोसळली आणि सात जण गेले. लिफ्ट माणसांची, तरीही देखभाल आणि तपासणी नसेल तर तीही मालाचीच होते. दुसरी दोरी कागदावर असून भागत नाही.

कायद्याच्या कुंपणाबाहेर

हे कायदे पोचतात कुठवर? महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून ‘कारखान्या’ची मर्यादा वाढवली: वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहाऐवजी वीस कामगार, विजेविना वीसऐवजी चाळीस. बारा कामगारांची हळद पॉलिश करणारी जागा त्या दिवशी कुंपणाबाहेर गेली. विहिरीवरची टोळी सहा-सात जणांची, ती कारखान्यात कधीच नव्हती. शेतातली टोळी तर नाहीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि कारखाने कायदा व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत सामावला गेला. कारखान्यासाठी वीस-चाळीसची मर्यादा तिथेही आहे. इतर आस्थापनांसाठी दहा कामगार. हिंगोलीतले जे मजूर मालाच्या यंत्रावर चढतात, त्यांतले बहुतेक दहाच्याही आतल्या टोळ्यांतले.

हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राने एकेकाळी वेगळी वाट काढली होती. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडींना उभे केले, बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत बांधली, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मालक कोण हे सांगता येत नाही अशा कामगारालाही मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, नुकसानभरपाई मिळावी अशी त्याची रचना. त्याच सुमारास, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पुरुष कामगाराच्या अंगावर ५५ किलोंहून जास्त ओझे नसावे अशी शिफारस केली. क्विंटलचे पोते जाऊन पन्नास किलोंचा कट्टा आला त्यामागे अनेक वर्षांची ही भांडणे आहेत. माणसाच्या अंगावर किती माल असावा यावर आपण पन्नास वर्षे भांडलो. मालाच्या यंत्रावर माणूस असावा का, हे भांडण अजून सुरूच झालेले नाही.

फुलांची उधळण

सुरू न होण्याचे एक कारण असे की ही गोष्ट आता शोभेची झाली आहे. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात सभा, मिरवणूक, सत्कार म्हटले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जेसीबी उभे राहतात. प्रत्येकाच्या बकेटमध्ये पाच-सात पोरे, हातात झेंडूच्या पाकळ्यांच्या पाट्या. नेत्याची गाडी आली की बकेट वर, पाकळ्या खाली, मोबाइल सगळीकडे. बकेट मातीसाठी आहे, ती कलती करून माती ओतण्यासाठीच केलेली आहे. चालकाचा हात एका लीव्हरवर जरा जास्त पडला तर ती तेच करील.

९ ऑगस्ट २०२४ ला जुन्नरमध्ये हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. शिवस्वराज्य यात्रेच्या पहिल्या दिवशी शिवरायांच्या पुतळ्याला हार घालायला जयंत पाटील, अमोल कोल्हे, रोहिणी खडसे, मेहबूब शेख हे नेते क्रेनच्या पाळण्यातून वर गेले आणि पाळणा एका बाजूला कलला. कुणाला इजा झाली नाही. दोन दिवस तो व्हिडिओ फिरला, त्यावर विनोद झाले, राजकीय कोट्या झाल्या. खासदार, माजी मंत्री ज्यात चढतात, त्यात मजुराने चढू नये असे आता कुणी कोणत्या तोंडाने सांगायचे? त्या दिवशी एखाद्या पक्षाने ‘यापुढे आमच्या कार्यक्रमात क्रेन आणि जेसीबीवर माणूस चढणार नाही’ एवढे जाहीर केले असते, तर कुठल्याही परिपत्रकाहून जास्त काम झाले असते.

जेसीबीने माणसे वाचवलीही आहेत, हे खरे. १ सप्टेंबर २०२४ च्या सुमारास तेलंगणातल्या खम्मम येथे मुन्नेरूच्या पुरात पुलावर अडकलेल्या नऊ जणांना सुभान खान नावाच्या चालकाने यंत्र घेऊन जाऊन बाहेर काढले. पण पूर दाराशी आला असता घेतलेली जोखीम आणि ट्यूबलाइट बदलायला घेतलेली जोखीम यांची तुलना होत नाही. पहिलीत न चढणे हेच मरण असते.

फुकटाची सर्वांत महाग गोष्ट

ट्रॉलीतून जाणे फुकट असते. शेतकरी ट्रॅक्टर पाठवतो, टोळी येते, कुणाचेच पैसे लागत नाहीत. अपघात झाला की मग त्याची किंमत कळते.

मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये स्पष्ट केले. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत असेल तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांसाठी विमा नाही. २००७ मध्ये ट्रॅक्टर-ट्रॉलीवर बसलेल्या एका मजुराचे प्रकरण त्याच न्यायालयात आले. कंपनीची कायदेशीर जबाबदारी नाही असे न्यायालयाने म्हटले, पण मजुराची गरिबी पाहून विशेष अधिकार वापरले: कंपनीने आधी भरपाई द्यावी, मग ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करावी. म्हणजे नशीब चांगले असेल तर कोर्टाची दया, नसेल तर मालकाच्या नावावर डिक्री. दोन-तीन एकरांचा ट्रॅक्टरमालक ती कुठून फेडणार? मजुराचे घर तर बसतेच, मालकाचेही बसते.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून मृत्यूला दोन लाख मिळतात, पण ती खातेदार शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यासाठी. ज्या बाईच्या किंवा तिच्या घरातल्या कुणाच्या नावावर सातबारा नाही, ती हयातभर शेतात राबली तरी या योजनेत शेतकरी नाही. गुंजच्या बायांसाठी पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलेली रक्कम ही खास मदत होती. एकेकटी मरणारी बाई बातमीत येत नाही, तिला ती मिळत नाही.

शेतमजूर मालावर बसून प्रवास करतात तो फक्त ट्रॉलीतून नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. मालाबरोबर वर बसलेले पंधराहून अधिक मजूर पपईखाली गेले. आणि ट्रॉलीतून फक्त शेतमजूरच जातात असेही नाही: ऑक्टोबर २०२२ मध्ये कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली, २६ जण मेले. त्यानंतर तिथल्या सरकारने ‘ट्रॉलीतून माणसे नेऊ नका’ असे आवाहन केले. ट्रॉलीऐवजी कशाने जायचे, याचे उत्तर आवाहनात नव्हते.

‘चढ’ म्हणणारा

उत्तर तिथे नाही, कारण प्रश्न यंत्राचा नाही, मजुरीच्या पद्धतीचा आहे. हमाली कट्ट्यामागे मिळते, हळद काढणी गुत्त्याने होते, विहीर फुटाने ठरते. जितके जास्त, तितके पैसे. शिडी आणण्यात गेलेली दहा मिनिटे हमालाच्या खिशातून जातात, मालकाच्या नव्हे. चालत शेतावर जाण्यात गेलेला तास बायांच्या रोजातून जातो. सुरक्षितता मजुराच्या पैशाने घ्यायची असेल, तर तो घेणार नाही. त्याला परवडतच नाही. म्हणून अपघातानंतर ‘मजुराच्या निष्काळजीपणामुळे’ असे जे लिहिले जाते, त्यात कागदापुरतेच तथ्य असते. चढणारा क्वचितच स्वतःहून चढतो. त्याला ‘चढ’ म्हणणारा कुणीतरी असतो: मुकादम, गोदामाचा मॅनेजर, यारीचा मालक, शेतकरी. आणि चढणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोय नसते, कारण उद्या रोज कोण देणार?

हिंगोलीला हा विचार आता तातडीने करावा लागेल, कारण मोठी यंत्रे दाराशी आली आहेत. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला लायगो-इंडिया उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटींची मंजुरी दिलेली ही वेधशाळा, काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. विश्वातल्या अतिसूक्ष्म कंपनांचा वेध तिथे घेतला जाईल. तिथल्या क्रेनांना तपासणीची प्रमाणपत्रे असतील, उंचीवरच्या माणसाला दुहेरी दोरीचा पट्टा असेल. पण त्या कामावर जाणारा मजूर सकाळी घरून निघेल तो ट्रॉलीतूनच, आणि संध्याकाळी परत येईल त्याच आखाड्यावर, जिथे यारी उभी आहे.

करता येण्याजोगे आहे ते फार मोठे नाही. बाजार समित्यांनी यार्डातल्या प्रत्येक गाळ्याला चाकांची शिडी बंधनकारक करावी. हमाली दरात उंचीवरच्या कामाचा वेगळा दर धरावा, म्हणजे शिडीची दहा मिनिटे हमालाला पदरची द्यावी लागणार नाहीत. फोर्कलिफ्ट भाड्याने देणाऱ्याने चालकाच्या प्रशिक्षणाचा दाखला सोबत द्यावा. रोजगार हमीतल्या विहिरीचा शेवटचा हप्ता कठडा बांधल्याशिवाय सुटू नये, आणि अंदाजपत्रकातच खाली उतरण्यासाठी शिडीची आणि कमरेच्या दोरीची तरतूद असावी. यारीचा डबा फक्त दगडासाठी. मजुरांची टोळी नेण्यासाठी गावात जीप-टेम्पो आहेत. हंगामात त्यांचे भाडे गुत्त्यातच धरले तर एकरामागे पडणारा फरक कट्ट्याच्या भावातल्या एका दिवसाच्या चढउताराएवढाही नसेल. राजकीय पक्षांसाठी तर एक ओळीचा नियम पुरे.

४ मार्चला देशभर राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. कारखान्यांत फलक लागतात, शपथ घेतात. त्या दिवशी हिंगोलीत हळद काढणी ऐन भरात असते आणि शपथ न घेतलेल्या हजारो बाया ट्रॉलीत उभ्या असतात. दिवाळीपासून त्या हंगामाला तीन-चार महिने असतात. बाजार समितीचा एक ठराव, पंचायत समितीची एक दुरुस्ती आणि गावागावातल्या मुकादमांची एक बैठक यांना तेवढा वेळ भरपूर आहे. पैसेही फार लागणार नाहीत. लागणार आहे ते एवढेच की ‘चढ’ म्हणणाऱ्याला यापुढे त्याचे नाव लिहून द्यावे लागेल.